किरकोळ

दोन रुमाल आणि अकरा डायऱ्या.
पानाला एकशे वीस रुपये,
शाई उडालेली असेल तर दीडशे.
बाणेरहून गाडीतून आणून दिलं त्यांनी,
"मॅडम, फक्त जमिनीचं बघा.
आंबेवडीचे सर्व्हे नंबर, हद्दी, कुणाला काय दिलं.
बाकीचं सोडा."

बाकीचं सोडायला आधी वाचावं लागतं.
मोडी मध्येच सोडता येत नाही,
बोरू कागदावरून उचललेलाच नसतो.
त्यात ऱ्हस्वदीर्घही नाही,
दिन की दीन, ते आपण ठरवायचं.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
कीर्द सखो अनंत कारकुनाची,
मोजून पेरल्यासारखं अक्षर.
घोड्यास चंदी. नांगराचे फाळ दोन.
मामलेदारास आंब्याच्या करंड्या तीन, खर्ची धर्मादाय.
आणि दर दसऱ्याला, किरकोळीत,
सकवार कोम धोंडी, लुगडे एक,
तीन रुपये चार आणे.
धोंडीचं नाव गोठ्याच्या गड्यांत सापडलं.

डायऱ्या खुद्द हैबतरावांच्या.
छापील, आत पेन्सिलीनं
हवा, पोटदुखी, साहेबाचा मुक्काम.
सकवार कुठेच नाही.
फक्त आठ-दहा दिवसांनी तारखेच्या कोपऱ्यात
एक गोल, वाटाण्याएवढा.
चार डायऱ्या संपेपर्यंत
मी तो औषधाचा धरत होते.

एकोणीसशे अठराच्या ऑक्टोबरात गोल थांबतात.
त्या आठवड्यात कीर्दीत
सरपणाच्या गाड्या एकोणीस.
डायरीत: घोड्याला नाल मारली. जेवलो नाही.
पुढची नऊ पानं कोरी.
कोऱ्या पानांचे मी पैसे लावत नाही.

कीर्द मात्र थांबत नाही.
एकोणीसचा दसरा: सकवार, लुगडे एक.
विसाचा: लुगडे एक, रुपये पाच, महागाई सबब.
एकविसाचाही.
सखो अनंतानं पैसे खाल्ले?
की मालक म्हणाले, चालू ठेव?
की कुणीच काही म्हणालं नाही
आणि ओळ गाळायला हात झाला नाही त्याचा?
दोन रात्री मी पान दिव्यासमोर धरून बघितलं.
अक्षर तेच. मोजून पेरलेलं.

फोन आला. "लागलं काही हाताला?"
नंबर सांगितले. पूर्वेस ओढा, दक्षिणेस वडाचे झाड.
ओढ्यावर आता कुठल्याशा कंपनीचं पार्किंग आहे,
ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.
"बाकी?"
बाकी किरकोळ, म्हणाले मी.

टायपिंगला शलाका येते.
"ताई, हे गोल कसे घेऊ?"
आहेत तसे घे, म्हटलं.
संध्याकाळी प्रिंट हातात आली.
तारखांपुढे एका रांगेत
शून्य, शून्य, शून्य,
आणि पानाच्या तळाशी
तिनं बेरीजही करून ठेवली होती.