तंगूस

चक्का रात्रभर टांगला होता
पंच्यात, जाळ्यांच्या खिळ्याला.
सकाळी खालच्या पातेल्यात दोन पेले पाणी.
बाबा म्हणाले, होडयेत पण एवढा पाणी येणा नाय.

हॉटेलात होतं तसलं चीज निवतीत कुठलं!
वेंगुर्ल्यात मिळाली फक्त मारी बिस्किटं.
करवंदं दुर्पदीकडची,
मापावर मूठभर जास्त घालते ती.

ओव्हन म्हणजे जुना टोप,
तळाला किनाऱ्याची वाळू, तीनदा धुतलेली,
तरी झाकण काढलं की ओहोटीचा वास.
चाळीस मिनिटं.
कडा धरल्या, मध्यभाग डुचमळतोय.
आता हात लावायचा नाही,
हे मला शेफने ओरडून शिकवलं होतं.
बाबांना कुणी शिकवलं, विचारलं नाही.
ते नुसते म्हणाले, ऱ्हवांदे. निवांदे.

फ्रिजमध्ये वर तो, खाली बांगडे,
मधे एक ताटली.

संध्याकाळी सुरी घातली
तर करवंदांचे जांभळे फराटे पांढऱ्यावर,
दुसरीच वडी मोडली.
बाबांनी जाळं बाजूला सारलं,
दातांनी तोडला हातभर तंगूस,
धुतला, दोन्ही अंगठ्यांना गुंडाळला
आणि ताणून खाली दाबला.
सरळ.
लांबून दिसते ना पाण्याची रेघ, तशी.

अकरा वड्या. मोडलेली त्यांनी उचलली.
गोडाला हात न लावणारा माणूस
बोट चाटत म्हणाला,
आंबट बरा लागता.
मग जाळ्याकडे वळता वळता,
परत कधी जातलंस, कळंगुटाक?

टोपातली वाळू अजून गरम होती.
ती ओतून येतो म्हणालो
आणि किनाऱ्यावर बराच वेळ थांबलो.