बटण गिऱ्हाइकानं दाबायचं

कुतैसीच्या बाजारात, चीजवाल्या बायकांच्या मागे,
जिन्याखाली माझं दुकान.
उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं
म्हणून मी बसूनच असते,
आणि लोक मला आहे त्याहून शहाणी समजतात.

गोचाच्या बुटांना अजून मेस्तियाचा चिखल होता.
आजारी कोंबडी ठेवावी
तसा त्यानं फोन टेबलावर ठेवला.
अर्ध्या अपडेटमध्ये बॅटरी गेली म्हणे.
तेव्हापासून कंपनीचं नाव येतं, जातं,
येतं, जातं,
पुढे काही नाही.

केबल लावली. काळ्या पडद्यावर टाइप केलं:
फास्टबूट डिव्हायसेस.
काही नाही.
केबल बदलली. काही नाही.
मग ती तिसरी काढली, पिवळी पडलेली,
जी मी कुणाला विकत नाही,
आणि एक लांबलचक नंबर उमटला.
धुगधुगी आहे, मी म्हणाले.
गोचानं टोपी काढली.

दुसऱ्या स्लॉटवरून उठवून पाहिला. उठला नाही.
मग मला ते सांगावं लागलं:
नवं फर्मवेअर घालायचं तर कुलूप काढायला हवं,
आणि हे कुलूप असं
की आधी घरातलं सगळं जाळतं, मग दार उघडतं.
"चोरांसाठी केलंय."
"मी कुठे चोर आहे?"
"ते त्याला कसं कळणार."

आत काय आहे, विचारलं.
मला वाटलं फोटो म्हणेल. सगळे फोटो म्हणतात.
म्हणाला, उधारी.
सोळा सीटांची त्याची गाडी, चौदा वर्षं तोच घाट,
आणि वरच्या गावांतून
लोक आज बसतात, बटाटे निघाले की पैसे देतात.
सगळं फोनमध्ये लिहिलेलं. इतर कुठे नाही.

मी पावाची कागदी पिशवी फाडून सरळ केली.
आठवेल तेवढं सांग.

मुर्झा, दोन फेऱ्या.
सिदोनिया, एक फेरी आणि एक कोकरू,
कोकराचं अर्धं तिकीट.
माक्रीनेचा मुलगा, दवाखान्यात जाताना,
येताना नाही, येताना मी घेतले नव्हते.
तो डोळे मिटून वळणं मोजत होता,
कोण कुठे उतरतं त्यावरून नावं काढत होता.
धरणापाशी सात झाली.
धरणाच्या वर त्याला कुणीच आठवेना.
"तीस तरी असतील," म्हणाला. "चाळीस."

फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक.
फोननं प्रश्न विचारला, बारीक अक्षरांत.
आवाजाच्या बटणानं होय की नाही निवडायचं,
पॉवरच्या बटणानं शिक्कामोर्तब.
हुकूम मी लिहिते, बटण गिऱ्हाइकानं दाबायचं,
हा माझा नियम. एकदा मोडला होता,
त्या बाईनं मला अजून माफ केलेलं नाही.

गोचाचा अंगठा गिअरच्या दांड्यासारखाच खरखरीत.
होय. नाही. होय. नाही. होय.
दाबलं.

पुढचं काम माझं, आणि ते कंटाळवाणं.
पाठवतोय, ओके. लिहितोय, ओके.
बूट, ओके. रेडिओ, ओके.
केबलला धक्का लागू नये म्हणून
दोघंही टेबलापासून लांब, हात मांडीवर,
परक्याच्या घरी बसल्यासारखे.
वर जिन्यावरून कुणीतरी पिंप गडगडत नेलं,
तेव्हा मात्र मी आईची शपथ घातली, कुणाला ते ठाऊक नाही.

रीबूट.
नाव आलं. गेलं नाही.
मग पांढरा उजेड, आणि नमस्कार,
आणि तुमची भाषा कोणती.
गोचा हसला. "मला ओळखतच नाही हा."

चाळीस लारी, मी म्हणाले.
त्यानं खिसे चाचपले, आणि लाल होत म्हणाला,
"लिहून ठेव."
मी लिहिलं: गोचा, चाळीस.
त्याच पिशवीवर, सिदोनियाच्या कोकराखाली.

पिशवी तो विसरून गेला.
पुढच्या गुरुवारी चाळीस लारी आणि पोतंभर बटाटे घेऊन आला,
खिळ्याला टांगलेली पिशवी त्यानं पाहिली,
नवा फोन कसा चालतो ते बराच वेळ सांगत बसला,
आणि ती न मागताच गेला.