जिवाणी

आमच्या अव्वाचं फडकं दुहेरी, खादीचं,
कडा चार वेळा शिवलेल्या.
उन्हाकडे धरल्यावर ऊन आरपार दिसलं
की ते बाद.

शुक्रवार पेठेत, मठाच्या मागच्या गल्लीत
पहाटे आडावर रहाट कुरकुरायचा.
घागरीच्या तोंडावर फडकं, फडक्यावर धार,
ओठांत णमोकार, आणि मधूनच आमच्यासाठी
“ऊठ की गं, शाळा हाय न्हवं?”

गाळून झालं की फडकं उलटं करून
गाळलेल्याच पाण्यानं त्याची पाठ धुवायची.
ते पाणी सांडायचं नाही. ती जिवाणी.
तळाला कडी असलेल्या तांब्यातून
पार आडातल्या पाण्याला टेकेपर्यंत
दोर सोडायचा, हळू.
वरून ओतली तर त्यांना लागतं.
कुणाला? मला तर काहीच दिसायचं नाही.
“तुला दिसत न्हाई म्हणून त्यांनी जगू नये व्हय?”

आई सीपीआरमध्ये नर्स.
दिवस मावळला की अव्वाची चूल बंद, तोंड बंद,
पाण्याचा घोटसुद्धा उद्यावर.
आणि आईची ड्यूटी सुटायची रात्री नऊला,
पदराला डेटॉलचा वास, टाचा सुजलेल्या.
गार भाकरी ती पाठमोरी बसून खायची.
मग एका रात्री, मी पोटात होते म्हणे तेव्हा,
अव्वा उठली आणि काडी ओढली.
आई दचकली. “आत्ती, दिवस बुडालाय!”
“चूल माझी हाय. पाप बी माझंच लिवतील.
तू ऊन ऊन खा.”

तेवीस वर्षं ती रात्रीची भाकरी थापत राहिली,
स्वतः एक तुकडा न मोडता.
देव रागावत नाही का, मी विचारलं होतं एकदा.
तिनं तव्यावरची भाकरी उलटली.
म्हणाली, “मीठ दे तेवढं.”

महापुराच्या साली पंचगंगा गल्लीत आली.
होडीत चढताना शेजारणींनी दागिने घेतले,
रेशनकार्डं घेतली, एकीनं मांजर घेतलं.
अव्वानं फडकं घेतलं आणि तांब्या.
शाळेच्या एका वर्गात आम्ही तीस माणसं,
फळ्यावर अजून कुणाची तरी त्रैराशिकं,
आणि ती टँकरचं पाणी गाळत बसलेली.
तिसऱ्या दिवशी तिला घोर लागला:
हे पाणी कुठलं? ह्यांना परत कुठं सोडायचं?
टँकरवाला दस्तगीर. त्याच्यापुढे तिनं तांब्या धरला.
तो हसला नाही.
“पाचगावच्या विहिरीचं, आज्जी. द्या, नेतो.”
कलंडू नये म्हणून त्यानं तांब्याला
आपला रुमाल गुंडाळला, सीटशेजारी ठेवला.
संध्याकाळी रिकामा आणून दिला.
“सोडली. हळू सोडली.”

खरंच सोडली का,
हे मी त्याला पुढं कधीच विचारलं नाही.
माझी श्रद्धा म्हणजे बहुधा एवढीच,
ते न विचारण्याएवढी.

आता मी महापालिकेच्या पाणी तपासणीत आहे.
काचपट्टीवर थेंब ठेवते, भिंग जुळवते,
आणि ते दिसतात. अव्वा, दिसतात गं.
वळवळत, एकमेकांना धडकत, आपापल्या घाईत.
नोंदवहीत त्यांना जिवाणू लिहायचं असतं.
शेवटच्या अक्षरापाशी पेन जरा अडतं.
मग क्लोरीनची मात्रा ठरवून खाली सही.
गावातल्या पोरांना जुलाब होऊ नयेत म्हणून.
पाप माझंच लिहितील.

अव्वा गेली. आई निवृत्त झाली.
जिनं जन्मात एक उपास नीट धरला नाही
ती आता दिवस मावळला की चूळ भरून बसते,
घोटभर पाणीही घेत नाही.
देवासाठी की सासूसाठी, सांगत नाही,
आणि ते दोघं तिनं वेगळे ठेवलेत का, तेही.

मला घरी यायला उशीर होतो.
जिना चढतानाच ऐकू येतो
गॅस पेटल्याचा तो बारका भपका.
मी चपला काढते.
आतून आवाज:
“हात धुतलेस का?”