दाराबाहेरची किंमत

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, शनिवार. टोलेडोत
रस्त्याकडेला मिठानं काळवंडलेले बर्फाचे ढीग,
आणि मी, त्रेपन्नाव्या वर्षी,
मोटरसायकलच्या दुकानात पायपुसण्यावर बूट घाशीत.

निळी. साडेसहाशे सीसी.
टाकीवर ट्यूबलाइट वाकून झोपलेली,
टायरांना अजून रबराची लव.
मी तिच्याकडे धड बघितलंही नाही.
जनावर मनात भरलं की धन्यासमोर
दुसऱ्याच जनावराचं शेपूट बघावं, अण्णा म्हणायचे.
ते हेडी होते. घोडेगावच्या बाजारात
बैल घ्यायचे, बैल विकायचे.
एक उपरणं, त्याखाली दोघांचे हात,
बोटांनी बोटं दाबायची,
आणि वर चेहरे असे, जणू कुणाच्या दहाव्याला आलेत.
मी डबा घेऊन गेलेली पोर. म्हटलं, मलाही शिकवा.
हसले. उपरण्याखाली बाईचा हात गेला
तर बाजार उठेल म्हणाले.

इथं उपरणं नाही, कागद आहे.
ब्रायस नावाचा पोरगा, मानेवर हिरवा गोंदलेला गरुड,
सात हजार दोनशे नव्व्याण्णव लिहितो
आणि खाली मुंग्यांची रांग सोडतो:
वाहतूक सहाशे वीस, जोडणी साडेचारशे,
कागदपत्रं अडीचशे.

‘जोडणी कसली?’
‘खोक्यातून येते, मॅम. हँडल, बॅटरी, आरसे बसवावे लागतात.’
‘आरसे मी बसवते. आणि हे अडीचशे?’
‘ते सगळ्यांनाच पडतात.’
‘सगळ्यांना मी ओळखत नाही.’

मी रात्रपाळीत रक्ताच्या नळ्या तपासते.
एवढ्याशा थेंबात काय काय मिसळलंय
ते बघायचाच मला पगार मिळतो.

‘सात हजार सहाशे. वर फक्त सरकारचा कर.
दाराबाहेरची किंमत.’
तो कागद घेऊन काचेमागं जातो.
काचेमागचा मॅनेजर मान हलवतो; मला वाटतं
ते जेवायला काय मागवायचं ते ठरवताहेत.
परत येतो: आठ हजार तीनशे, शिवाय एक टोपी.
पुन्हा जातो, पुन्हा येतो: आठ हजार शंभर. टोपी तीच.

मग मी उठले.
उठणं हा या भाषेतला सगळ्यात मोठा आकडा.
पर्स, मफलर, हातमोजे, एकेक सावकाश,
हाक मारायला त्याला वेळ मिळावा म्हणून.
हाक आली नाही.
दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं.

गाडीत बसले. किल्ली फिरवली.
टक. टक टक. मग तेही नाही.

दहा मिनिटं तशीच. काच श्वासानं पांढरी.
तोऱ्यात उठून गेलेल्या बाईनं
परत आत जाऊन काय तोंडानं, काय मागायचं?
केबल मागितली.

ब्रायस जॅकेट न घालताच आला.
त्याचा पिकअप शेजारी गुरगुरत उभा,
बर्फ आडवा येतोय, चिमटा बॅटरीवर बसेना.
मी मफलर सोडला, वर धरला,
आणि त्याखाली आम्ही दोघं चाचपू लागलो.
तो म्हणाला, महिन्याला सहा विकाव्या लागतात,
माझ्या पाचच झाल्यात.
मी म्हणाले, वर्षभरात सात हजार आठशे साठलेत, कर वेगळा ठेवलाय,
त्यावर कवडी नाही.
अण्णांनी कपाळावर हात मारला असता.

त्याची बोटं लोखंडासारखी गार.
मी उगाच त्यातली दोन दाबली.
‘हां, धरलाय,’ तो म्हणाला, ‘किल्ली फिरवा.’

इंजिन खोकलं, लागलं.
तो हातांवर फुंकर मारत उभा राहिला.
‘सात हजार सातशे पन्नास,’ म्हणाला, माझ्याकडे न बघता,
‘काचेमागं मी बघतो.’
गाडी तशीच चालू ठेवून आम्ही आत गेलो,
आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.