दुपारी तीनचा सामना

वेळ मीच ठरवली होती.
पत्रकावर हिरव्या शाईनं ‘दुपारी तीन’ लिहिताना
टेबलावरचा पंखा माझाच घाम माझ्या तोंडावर मारत होता,
आणि मी काय लिहितोय हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोळा होऊन तीन दिवस. आठवडाभर पावसाचा पत्ता नाही.
आभाळ म्हणजे डब्याचं झाकण,
खाली माती, गवत, रेघांचा चुना, आम्ही,
सगळे वाफेवर ठेवलेले.
मे महिना परवडला. तो समोरून येतो,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, की निघाला माणूस.
हा भाद्रपद आतून येतो.
घाम सुटतो आणि कुठंच जात नाही,
सकाळी दोरीवर टाकलेला मोजा संध्याकाळी तेवढाच ओला.

कोल्हापूरची पोरं आदल्या दिवशी उतरली,
एक रात्र, एक दिवस रेल्वेत बसून.
तालमीची पोरं. चेंडू त्यांच्या पायाशी
पाळल्यासारखा चालायचा.
पहिली वीस मिनिटं आम्हाला तो दिसलाच नाही,
दिसला तेव्हा आमच्याच जाळीत होता.
पायऱ्यांवरून पोट्टे ओरडले,
“कोल्हापूर घेऊन जाय गे मारबत!”
निनावे मास्तर जागचे हलले नाहीत.
“पयू नका बे. बॉलले पयू द्या.
चाळीस मिनिटं थांबा फक्त.”

मी घड्याळ बघत होतो.

एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांच्या सात नंबरनं
कमरेवर हात ठेवले.
मग पास वीतभर तोकडे पडू लागले,
मग हातभर.
मग कुणी कुणाला हाक मारेना.
आमचा दुसरा गोल प्रज्वलनं चालत जाऊन केला,
खरंच चालत,
आणि बचाव करणारे दोघं त्याच्याकडे बघत राहिले,
फलाटावरून सुटलेल्या गाडीकडे बघावं तसे.

दोन-एक. पायऱ्या नाचत होत्या.
आणि तेवढ्यात उईके पडला.
आमचा उईके. जन्म इथला, शाळा इथली,
टिनाच्या खोलीत राहणारा,
बुटीबोरीची रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेला.
चेंडू दूर होता, जवळ कुणीही नव्हतं,
गुडघे दुमडून तो बसला आणि मग आडवा झाला.

बर्फाची लादी एकच मागवली होती.
मोठा तुकडा आमच्या खोलीत, लहान त्यांच्या,
ही वाटणीही माझीच.
आमचा मध्यंतरालाच संपला होता.
समोरच्या टोकाकडून त्यांचा गोलकीपर धावत आला,
इंगवले नावाचा, लांब हातांचा,
आणि आपला गार टॉवेल त्यानं उईकेच्या मानेखाली सरकवला.
सगळ्या दुपारीत इतक्या जोरात पळालेला
मी तेवढा एकच माणूस पाहिला.

रात्री स्टेशनवर त्यानं विचारलं,
“बरा हाय न्हवं त्यो?”
मी म्हटलं, बरा आहे, सलाईन लावलंय.
“तुमास्नी सवय असंल की ह्याची.”
मी हो म्हणालो.
हो म्हणायला काय लागतं.

टॉवेल माझ्याकडेच राहिला.
पत्ता लिहून पाकीट तयार आहे,
धुऊन दोरीवर टाकलाय.
आज चौथा दिवस.
रोज हात लावून बघतो,
वाळत नाही.