टेबलावर

सव्वासातला चार्ज दिला.
खाट नऊ, खाट अकरा, खाट बारा,
आणि कॉरिडॉरमधले दोघे, ज्यांना नंबरच नव्हता.
मग गाडी काढली. शेजारी डोरीन,
मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा.
हॅवर ते हेलेना, साडेतीन तास.
रात्रभर सुटलेल्या शिनूक वाऱ्याने
रस्त्यावरचा बर्फ अर्धामुर्धा चाटून नेलेला.

बॉक्स एल्डरपाशी ती म्हणाली, "वाचून दाखव."
म्हटलं, "अजून लिहिलंच नाही."
तिने पिशवीतून ग्लव्ह्जच्या खोक्याचं झाकण काढलं.
त्याच्या पाठीवर मी लिहीत गेले,
सिग्नलला, पेट्रोल पंपावर, संडासाबाहेरच्या रांगेत.
आकडे तिने घातले. आकड्यांत ती पक्की.

तांब्याच्या घुमटाखाली पायऱ्या फार.
अध्यक्ष टॉर्गर्सन, गुरांचा धंदा, सभ्य माणूस;
उजवा गुडघा बदललेला आहे
हे बसताना टेबल धरतात त्यावरून कळतं.
म्हणाले, प्रत्येकाला दोन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.

दोन मिनिटं आम्हाला ठाऊक आहेत.
थांबलेल्या छातीवर दाब देताना
दर दोन मिनिटांनी हात बदलायचे,
कारण दमलेला हात वरवर दाबतो
आणि त्याचं त्यालाच कळत नाही.
तशाच उठलो आम्ही,
ग्लासगोची, माइल्स सिटीची, ब्यूटच्या तिघी,
पंधरा बायका आणि एक व्हर्जिल.
एक उठली की दुसरी खुर्चीत.
लय कुणी मोडली नाही.

माझी पाळी आली तेव्हा झाकण राहिलं हातात.
नाव सांगायची परवानगी नाही, म्हणून म्हणाले, खाट अकरा.
त्याने बेल दाबली तेव्हा मी नऊमध्ये होते
आणि बारामध्येही असायला हवं होतं.
बेल एकोणीस मिनिटं वाजली.
मी पोचले तेव्हा चादर भिजलेली,
आणि उणे तीस अंशांत
जन्मभर वासरं ओढून काढलेला तो म्हातारा
माझी माफी मागत होता.
माझी.
इथे दिवा लाल झाला.

हॉस्पिटलांच्या वतीने आलेल्या बाईंचा कोट सुंदर होता.
त्यांचा शब्द होता लवचिकता.
पाच वेळा आला. मोजायची सवयच आहे.
किती पेशंटांमागे किती नर्स हे कायद्याने बांधलं
तर म्हणे लवचिकता जाईल.
डोरीन कानात पुटपुटली,
"वाकते कुणाची कंबर, तेही नोंदवून घ्या म्हणावं."

मग मतं. चार आणि पाच.
क्लार्कने वाचलं: विधेयक टेबलावर ठेवण्यात येत आहे.

आमच्याकडे पेशंट टेबलावर घेतला म्हणजे
सगळे हात धुऊन उभे असतात,
वरचा दिवा लागतो, कुणीतरी उघडणार असतं.
इथे टेबलावर म्हणजे उघडायचं नाही.
आणि हे विधिमंडळ
दोन वर्षांतून एकदा भरतं.

दुसरं एक मात्र पाच मिनिटांत पुढे सरकलं, विरोध शून्य:
लांबच्या गावांत, डॉक्टर नसेल तिथे,
मृत्यूची वेळ नर्सने लिहिली तरी चालेल.
व्हर्जिलने टाळ्या वाजवल्या,
मग एकट्याच वाजतायत म्हणून थांबवल्या.
चांगलं आहे ते, खोटं कशाला बोलू.
जानेवारीत वादळाने रस्ता बंद होता तेव्हा
एक बाई दीड दिवस आपल्या स्वयंपाकघरात
कागदोपत्री जिवंत पडून होती.
पण मेल्याची वेळ लिहायला मी एकटी पुरते,
आणि जिवंत किती जणांना मी पुरते
हे लिहायला मेलं कुणी तयार नाही.

परतताना बिग सँडीला फाटक पडलेलं.
गव्हाची मालगाडी, संपता संपेना.
डोरीन बूट काढून झोपलेली, तोंड उघडं,
पोटऱ्यांवर मोज्यांचे वळ.
मी इंजिन बंद केलं.
आधी डबे मोजत होते.
मग घड्याळ बघून तिचे श्वास मोजले,
पूर्ण मिनिट, अर्ध्याची दुप्पट नाही.
चौदा. नियमित.
झाकणावर एका कोपऱ्यात जागा उरली होती.
तिथे लिहून ठेवलं: वेळ, चौदा, माझी सही.