अभिप्रायाच्या रकान्यात न मावलेलं

पेट्या रविवारी आल्या. एकतीस.
प्रत्येकीत एक टॅब्लेट, निळं रबरी कव्हर,
पडला तरी फुटणार नाही अशी लेखी हमी.
मुलांची अशी हमी कुणी देत नाही,
हे मनात म्हटलं, सही केली,
आणि पहिली 'ब'च्या कपाटाला कुलूप लावलं.

सोहारमध्ये मे महिन्यात दहालाच मैदान बंद होतं.
घसरगुंडी तापते, वॉचमन साखळी लावतो,
मुलं वर्गात, एसीच्या गारठ्यात.
मग हेच बरं, असं सगळे म्हणाले.
मीही म्हणाले. खरं तर हात आधी मीच वर केला होता.

पहिला आठवडा काचा पुसण्यात गेला,
पराठ्याची बोटं, लोणच्याची बोटं.
दुसऱ्या आठवड्यात वर्ग शांत झाला.
सुपरवायझर दारात थांबून म्हणाल्या, वा!
मला ती शांतता ओळखीची वाटेना.
एकतीस मुलांचा वर्ग इतका गप्प
फक्त कुणीतरी ओकल्यावर होतो.

तन्वीरने गोष्टीच्या पुस्तकातल्या मुंगीवर
दोन बोटं टेकवून फाकवली.
मुंगी मोठी होईना.
पुन्हा फाकवली. मग पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं,
मिस, हे बिघडलंय.
खिडकीच्या कडेला एक खरी मुंगी होती,
केकचा कण ओढत निघालेली.
वाक, म्हटलं. वाकला.
अजून वाक. नाक कडेला टेकेस्तोवर वाकला.
झाली मोठी, म्हणाला,
तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

इथेच थांबले असते तर किती छान दिसलं असतं.

पण अलीना आहे.
तिच्या उजव्या हाताला जन्मापासून कंप आहे.
वहीतली तिची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी,
आणि ती वही पोटाशी धरून बसायची.
टॅब्लेटवर एका बोटाने टिचक्या मारत
तिने स्वतःचं नाव लिहिलं, मग आईचं,
मग मांजराचं, मग माझं, पेडणेकरमधला एक काना खाऊन
नसलेल्या जागी दुसरा देऊन.
तिच्याकडून तो काढून घ्या, असं मी म्हणणार नाही.
म्हणणाऱ्याच्या बाजूला उभीही राहणार नाही.
उरलेल्या तिसांचं काय, एवढंच विचारते.

त्यांची बोटं काचेवरून घसरतात.
घसरायला जोर लागत नाही.
'क'चा पोटगोल काढताना पेन्सिल मोडायची,
मोडली की टोक करायला डब्याशी जायचं,
तिथे आधीच कुणीतरी टोक करत उभं असायचं,
आणि वर्गातल्या निम्म्या मैत्र्या
त्या कचऱ्याच्या डब्यावर वाकून झालेल्या.
आता डबा रिकामा असतो.

साडेतीनला शफीकुल झाडायला येतो. बारिसालचा.
काल झाडू भिंतीला टेकवून त्याने विचारलं,
मॅडम, मुलं आता पेन्सिलीने लिहीत नाहीत?
गेली चार वर्षं तो बाकांखालचे तुकडे वेचत होता,
बोटभर, अर्ध्या बोटाएवढे, दातांच्या खुणांसकट,
आणि ईदला घरी जाताना पिशवी भरून नेत होता.
मुलगी दुसरीत आहे.
मी कधी पाहिलंच नव्हतं.
फरशी स्वच्छ झाली तेव्हा कळलं.

मी कपाटातला नवा कोरा डझनाचा खोका दिला.
त्याने घेतला, उलटसुलट केला, संकोचून म्हणाला,
तिला चावलेल्या आवडतात.
खुणा बघून ओळखते, ही त्याच मुलाची, ही त्या मुलीची.
सगळ्यांना तिने नावं दिलीत.

शाळेने आज फॉर्म पाठवलाय. आपण समाधानी आहात का?
पाच चेहरे आहेत.
सगळ्यात रडका आहे तोही जरासा हसतोच.
मी मधला दाबला.
खाली वर्गासाठी काही मागणी असल्यास, असं होतं.
लिहिलं, पेन्सिली, साध्या, तीन डझन.
कारण विचारलंय तिथे लिहिलं,
चावायला.